जगदेवीचा ग्राफ आणि महेश्वरीचा कॉम्प्युटर

जगदेवीला आपल्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो लपवणं तिला कधी जमलं नाही. हेवा साडीचा नव्हता, सोन्याचा नव्हता. महेश्वरी तिच्यापेक्षा जास्त शिकलेली होती, त्याचंही जगदेवीला फारसं काही नव्हतं. हेवा होता कामाचा. समोरच्या खोलीत महेश्वरीचा कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात जगदेवीच्या हातातलं भांडं जरा जोरातच आपटायचं.

जगदेवी मूळची मंद्रूपची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला पातळ कडक भाकरी येत होती, शेंगाचटणी येत होती आणि कानडी-मराठी दोन्ही भाषांत भांडता येत होतं. सासरे नागप्पा चादरीचे डिझाइन काढायचे. चादरीवर मोर विणायचा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. त्याला ग्राफ म्हणायचे. कुठली चौकट भरायची आणि कुठली कोरी सोडायची, ह्यावर कापडावरचा मोर ठरतो. ग्राफ तयार झाला की तो लालसाबचाचांकडे जायचा. ते भरलेल्या चौकटी बघत जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. ती कार्डं मागावर चढली की माग भोकांप्रमाणे धागे उचलायचा आणि मोर हळूहळू कापडावर यायचा.

नवी सून दारात रांगोळी काढताना नागप्पांनी एकदा बघितली. ठिपके न मोजता ती रेघ ओढत होती आणि रेघ बरोबर जागी पोचत होती. त्यांनी तिला हाक मारली, हातात बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, "एवढ्या पाकळ्या भर." पाकळ्या भरता भरता ती फुलं काढायला लागली, मग वेल, मग कोयरी, मग सगळी चादरच. नागप्पांची नजर अधू झाली तेव्हा नाव त्यांचं आणि हात तिचा असं काम चालायचं. ते गेल्यावर नावही तिचंच झालं. कारखानदार घरी यायचे, दारात चपला काढायचे, "ग्राफवाल्या अक्का हाईत का?" म्हणून विचारायचे. होटगीच्या पाहुण्यांकडे जाताना गाडीत समोरच्या बाकावर कुणी तिनं काढलेली वेल पांघरून झोपलेलं दिसलं, की ती उतरेपर्यंत त्या माणसाकडे बघत राहायची. नवरा सिद्धाराम मार्केट यार्डात एका अडत्याकडे होता. बायकोच्या कामातलं त्याला काही कळत नसे, पण तो ते कौतुकानं सांगायचा.

मग धाकटा दीर शिवानंद याचं लग्न झालं आणि महेश्वरी घरात आली. ती अक्कलकोटची. कापडाच्या डिझाइनचा डिप्लोमा केलेली. सुरुवातीला ती जगदेवीच्या बाजूला बसून चौकटी भरायची. "अक्का, हे असं का? अक्का, हितं एक चौकट का सोडली?" असं विचारत राहायची. जगदेवीनं तिला हातचं काही न राखता सांगितलं. पुढे हेच तिला सगळ्यात जास्त सलायचं.

कारखान्यांतून नवे माग आले. त्यांना कार्डं लागत नव्हती, फाईल लागायची. महेश्वरीनं एक कॉम्प्युटर घेतला, डिझाइनचं सॉफ्टवेअर बसवलं, आणि बघता बघता कारखानदारांच्या तोंडी तिचं नाव आलं. समोरच्या खोलीत जिथं जगदेवीचं उतरतं टेबल होतं, तिथं कॉम्प्युटरचं टेबल आलं. जगदेवीचं टेबल गच्चीवरच्या खोलीत गेलं, वाळवणाच्या मिरच्या आणि जुन्या घागरींच्या शेजारी. तसं कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जागाच तेवढी होती.

आता कारखानदार यायचे ते "मॅडम आहेत का?" म्हणत. जगदेवी चहा करून आणायची. कप ठेवून आत जाताना दारात जरा रेंगाळायची. पडद्यावर गुलाब असायचा. महेश्वरी एक बटण दाबायची आणि गुलाब उलटा व्हायचा. दुसरं बटण दाबलं की त्याच गुलाबाची रांग उभी राहायची. एक गुलाब उलटा करायला जगदेवीला किती कागद फाडावे लागायचे, हे त्या खोलीत एकट्या महेश्वरीला ठाऊक होतं, आणि तीही आता विसरल्यासारखी दिसायची.

"मशीन काढतंय सगळं," जगदेवी शेजारणींना सांगायची. "ती नुसती बटणं दाबती." वीज गेली की तिला मोकळं वाटायचं. महेश्वरीनं पाठ दुखते म्हटलं की ती म्हणायची, "बसून बसून दुखणारच की." दिवाळी अंकातल्या कारखान्याच्या जाहिरातीत महेश्वरीचं नाव छापून आलं तेव्हा जगदेवीनं तो अंक फळीवरच्या रद्दीत सगळ्यात खाली घातला.

संक्रांत जवळ आली होती. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येणार म्हणून जगदेवीनं घर झाडायला काढलं. समोरच्या खोलीतलं टेबल ओढलं, खालचा सीपीयू उचलून बाजूला ठेवला, फरशी पुसली, जळमटं काढली आणि तो परत जागेवर सरकवला. जरा धक्क्यानंच सरकवला, पण त्यात वाईट हेतू नव्हता. ती सगळंच जोरानं करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश्वरीनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि आतून लांब बीप यायला लागली. एक थांबली की दुसरी. पडदा काळा. महेश्वरीनं बंद करून परत चालू केला. तेच. तिसऱ्यांदाही तेच. तोवर जगदेवी दारात येऊन उभी राहिली होती.

"अक्का, काल हे कुणी हलवलं होतं का?"

"कुणी म्हंजे? मीच झाडलं की. खाली केवढी घाण होती."

"हा डबा उचलला होता?"

"उचलल्याबगर खालचं पुसणार कसं?"

 महेश्वरीनं डोळे मिटून फक्त एक श्वास सोडला. तो श्वास जगदेवीला शिवीसारखा लागला.

त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कारखानदार अंबादास शेठ यांच्याकडे दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा व्यापारी येणार होता. त्याला नवी चादर मागावर चालताना दाखवायची होती. डाळिंबाची फांदी आणि तिच्यावर पोपटांची जोडी, असं डिझाइन. महेश्वरीनं ते जवळजवळ पुरं केलं होतं, पण पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं नव्हतं. फाईल त्या डब्यातच होती आणि ती संध्याकाळपर्यंत कारखान्यात पोचायला हवी होती.

महेश्वरीनं खालिदला फोन लावला. खालिद कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हा कॉम्प्युटरही त्यानंच जोडून दिला होता. तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"भाभी, पडद्यावर काय दिसतंय?"

"काहीच नाही. 'नो सिग्नल' येतं आणि जातं. पंखा फिरतोय. लांब लांब बीप वाजतेय."

"मंजे करंट बराबर हाय. आधी सोपं सोपं बघू. पेनड्राइव्ह, प्रिंटर, मागं जे जे लावलंय ते सगळं काढा. मॉनिटरची वायर दोन्हीकडनं काढून घट्ट लावा."

महेश्वरीनं तसं केलं. बीप वाजतच राहिली. खालिदला फोनमधूनही ती ऐकू गेली.

"मग रॅमच. पट्टी हलली असणार, नाहीतर धूळ बसली असंल. मी तर माळशिरसला हाय भाभी, हितं कॉलेजात लॅबचं काम काढलंय. उद्या संध्याकाळच्या आधी येणं होत न्हाय. पण तुम्ही उघडा की. घाबरायचं काम न्हाय, मी सांगतो."

बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली. खालिदनं सांगितलं तसं महेश्वरीनं चालू करायचं बटण जरा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला आणि स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं. आत राखाडी धुळीचा गालिचा पसरला होता.

"अक्का, जरा मोबाईलची बॅटरी धरता? आणि तुमचा तो मऊ ब्रश आहे का?"

आता माझा ब्रश आठवला, असं जगदेवीच्या मनात आलं. पण तिनं वर जाऊन ब्रश आणला. नागप्पांनी दिलेला नव्हे, नंतरचा. सासऱ्यांचा तिनं दिला नसता. खोडरबरही लागलं. महेश्वरीनं खाचेतून पट्टी काढली. लहान कंगव्यासारखी होती, एका कडेला सोनेरी दात. ते दात तिनं रबरानं हलकेच घासले, ब्रशनं खाच झाडली.

"आता पट्टी परत बसवा," खालिद म्हणाला. "खाचेच्या दोन टोकांना दोन चिमटे दिसतात की? पट्टी दाबली की ते आत वळतात. टक् असा आवाज येतो."

महेश्वरीनं उभ्यानंच पट्टी ठेवून दाबली. टक्.

"आवाज आला?"

"आला."

"दोन्हीकडनं?"

"हो, आला की."

जगदेवी जमिनीवर उकिडवी बसली होती आणि बॅटरी तिच्या हातात होती. जवळचा चिमटा आत वळला होता. लांबचा, वायरींच्या जुडग्यामागचा, तसाच उघडा होता आणि त्या बाजूला पट्टी केसभर वर राहिली होती. चौकटी भरण्यात जिनं आयुष्य घालवलं तिला ते न दिसणं शक्यच नव्हतं. वरून महेश्वरीला मात्र वायरी आड येत होत्या.

जगदेवीनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला मघाचा तो श्वास आठवला. तिनं तोंड मिटलं आणि बॅटरी जराशी अलीकडे वळवली.

कॉम्प्युटर चालू केला. बीप.

"मग पट्टी गेली असंल, नाहीतर बोर्ड," खालिद म्हणाला. "आता सारखं काढू-घालू नका, खाच खराब होईल. उद्या नवी पट्टी घेऊन येतो मी."

फोन बंद झाल्यावर महेश्वरी काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. मोबाईलवर बीपचे अर्थ वाचत होती आणि मधूनच पदरानं डोळे टिपत होती. जगदेवी स्वयंपाकघरात गेली. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते मात्र वेगळंच. छातीत काहीतरी सैल झालं होतं, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिनं भांडं न आपटता खाली ठेवलं.

अंबादास शेठचा फोन आला तेव्हा महेश्वरीनं सगळं सांगितलं. शेठ वैतागले. मग म्हणाले, "जगदेवी अक्का हाईत की घरात. त्यांना म्हणावं, हातानं ग्राफ काढाय घ्या. बघू काय जमतंय का."

महेश्वरीनं निरोप सांगितला. जगदेवीनं हात पुसले, "बघते," एवढंच म्हणाली आणि जिना चढली. वर गेल्यावर मात्र मिरच्यांचं सूप तिनं जवळजवळ पायानंच बाजूला सारलं.

कागद कडेनं पिवळे पडले होते, पण चौकटी स्पष्ट होत्या. महेश्वरीनं आठवून फांदीचं आणि पोपटांचं एक लहान चित्र पेन्सिलीनं काढून दिलं होतं. जगदेवीनं ते समोर ठेवलं आणि ब्रश पाण्यात बुडवला. पहिल्या काही चौकटींना हात बिचकला. मग आपोआप चालायला लागला. डाळिंब फुटलेलं दाखवायचं तिनं स्वतःच ठरवलं, चित्रात ते मिटलेलं होतं. पोपटांच्या माना एकमेकांकडे वळवल्या. त्या डब्याला काय ठाऊक मान कशी वळते, ती मनाशी म्हणाली. खाली कोण आलं, कोण गेलं, दूधवाला कधी येऊन गेला, तिला कळलं नाही.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. महेश्वरी चहा घेऊन आली होती. कप हातात धरून ती दारात थांबली आणि कागदाकडे बघत राहिली.

"ठेव तिकडं," जगदेवी वर न बघता म्हणाली. ती दोन शब्दांचीच गोष्ट, पण तिला ती मिठाईसारखी लागली.

महेश्वरी गेली नाही. "पोपट छान झालेत, अक्का," ती म्हणाली. आवाज खरा होता, आणि त्याचा जगदेवीला जास्तच राग आला. "पण कार्डं पाडायला कोण आहे आता? शेठ म्हणाले खरं, पण त्यांच्याकडे जुना माग तरी कुठं राहिलाय?"

"असंल की एखादा कोपऱ्यात. लालसाबचाचांना विचारते मी."

महेश्वरी खाली गेल्यावर तिनं लालसाबचाचांना फोन लावला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. म्हातारा खूश झाला.

"जगदेवी बेटी! ग्राफ काढतीस? वा वा. पण मशीन कुठाय गं? भंगारात दिलं की मी. घरात जागा न्हाय, पोरं म्हणाली द्या. आणि मशीन असून तरी काय? शेठनं जुने माग कवाच विकले."

"मग शेठ मला हातानं काढा म्हणाले ते?"

"अगं, घाबरल्यावर माणूस बोलतो काहीबी. आत्ता भेटले होते मला चहाच्या गाडीवर. म्हणत होते, दिवस बुडायच्या आत फाईल आली न्हाय तर इचलकरंजीला एक जण हाय, फोनवरनंच डिझाइन पाठवतो. त्याच्याकडनं घेणार. आणि आता कायमचंच त्याच्याकडं देणार म्हणे."

जगदेवीनं फोन ठेवला. समोर फुटलेलं डाळिंब होतं, रंग अजून ओला. तो कागद आता कुठल्याच मागाला वाचता येणार नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. पण त्याहून मोठं होतं ते दुसरंच. इचलकरंजीचा कोण कुठला माणूस. त्यानं नागप्पांचं नाव ऐकलेलं नाही. ह्या घरातल्या चुलीजवळ बसून त्यानं कधी एक पाकळी भरलेली नाही. आणि उद्यापासून अंबादास शेठच्या मागावर त्याचे पोपट बसणार. शेठ त्याला साहेब म्हणणार.

महेश्वरीवर ती इतकी वर्षं जळत होती, पण महेश्वरी निदान तिच्या हाताखाली शिकली होती. तिच्या गुलाबात कुठंतरी जगदेवीचा गुलाब होता. ह्या परक्या माणसाचा हेवा एवढ्या जोरात उसळला, की आधीचा हेवा त्याच्यापुढे किरकोळ वाटायला लागला. ती उठली. ब्रश पाण्यातच राहिला.

खाली महेश्वरी शेठना फोन लावायच्या बेतात होती.

"ठेव तो फोन," जगदेवी म्हणाली. "झाकण काढ परत."

"खालिदभाई नको म्हणालेत, अक्का."

"काढ म्हणते ना. वायर आधी काढ भिंतीतनं."

झाकण निघालं. जगदेवी खाली बसली, वायरींचं जुडगं एका हातानं बाजूला धरलं आणि बोट दाखवलं. "त्या टोकाला बघ. बसलेली न्हाय."

महेश्वरी वाकली. तिनं तो उघडा चिमटा बघितला. अंगठ्यानं पट्टी दाबली. टक्. वायर लावली, बटण दाबलं. एकच छोटी बीप आली, पडदा उजळला, कंपनीचं नाव आलं, गेलं, आणि नेहमीचा तो आवाज झाला. पडद्यावर फाईल होती तशी होती.

महेश्वरीनं आधी फाईल पेनड्राइव्हवर घेतली. मग खुर्ची वळवली.

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

जगदेवीला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच सुचलं म्हटलं असतं तरी महेश्वरीनं पाया पडून विश्वास ठेवला असता. पण तिच्या तोंडून खरंच निघालं. "सकाळी. बॅटरी धरली होती तवा."

"आणि दिवसभर तुम्ही..."

"व्हय."

"का, अक्का?"

तू श्वास सोडलास म्हणून, हे कारण तिला स्वतःलाच हलकं वाटलं. ती कानडीत बोलली, घरात खरं भांडण कानडीतच व्हायचं. तू ह्या घरात आली नसतीस तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं, ती म्हणाली. म्हणून.

महेश्वरी पांढरी पडली. मग तिनं खुर्ची परत पडद्याकडे वळवली. "मला काम करू द्या," ती म्हणाली. मराठीत.

संध्याकाळ व्हायच्या आत शिवानंद मोटारसायकलवरून फाईल कारखान्यात देऊन आला. व्यापाऱ्याला चादर आवडली. शेठनी पेढे पाठवले, ते मुलांनी संपवले. दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. मीठ संपलं तरी निरोप शिवानंदमार्फत जायचा. संक्रांतीला तिळगूळ दिला-घेतला, पण गोड बोलायचं ते तोंडातच राहिलं. गड्ड्यावर दोघी वेगवेगळ्या दिवशी गेल्या. काय झालंय ते दोघींपैकी कुणीच घरात सांगितलं नाही. महेश्वरीनं तक्रार केली असती तर जगदेवीला बरं वाटलं असतं. तिनं केली नाही, आणि आता ह्या गोष्टीतही ती वरचढ ठरली म्हणून जगदेवी आणखी जळली.

उन्हाळा लागल्यावर एका सकाळी जगदेवी समोरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. "मला शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. फाईल काढाय."

महेश्वरीनं तिच्याकडे बघितलं. "आत्ता वेळ नाही, अक्का. बघू नंतर."

नंतर म्हणजे कधीच नाही. पुन्हा विचारलं तेव्हा, "डोळ्यांना त्रास होईल तुमच्या." त्यानंतर, "तुम्हाला कशाला आता हा व्याप?" चौथ्यांदा जगदेवीनं विचारलं नाही. ती खालिदच्या घरी गेली.

खालिदची बायको कौसर घरातच बायकांना कॉम्प्युटर शिकवायची. पहिल्या दिवशी तिनं जगदेवीला चालू करणं आणि बंद करणं एवढंच शिकवलं. जगदेवी म्हणाली, "ते र्‍हाऊ दे. डबा उघडायचा कसा, पट्टी काढायची कशी, ते आधी दाखव."

कौसर हसायला लागली. "अक्का, आधी चालवायला शिका की. उघडायचं नंतर."

माऊस तिच्या हातात ठरत नव्हता. ब्रश धरणारी बोटं त्याला चिमटीत धरायला बघायची आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यात पळून जायचा. कॉलेजातल्या मुली बाजूला टपाटप टाइप करायच्या, त्यांच्याही बोटांचा तिला हेवा वाटला. चिडून ती घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. कौसरला डिझाइनचं सॉफ्टवेअर येत नव्हतं. त्यावर जगदेवीनं वेगळा उपाय काढला. ती महेश्वरीला न मागता चहा नेऊन द्यायला लागली. कप ठेवायला तिला फार वेळ लागायचा. कुठलं बटण दाबलं की रंग भरतो, कुठल्यानं फूल उलटं होतं, हे ती जिना चढेपर्यंत तोंडात पुटपुटत राहायची.

महेश्वरीच्या ते लक्षात आलं. एक दिवस जगदेवी चहा घेऊन गेली तर पडद्याची पाठ दाराकडे होती.

"उजेड डोळ्यावर येत होता," महेश्वरी म्हणाली.

"व्हय व्हय," जगदेवी म्हणाली आणि कप ठेवून बाहेर आली. जिन्यात एकटीच हसली.

सिद्धारामनं खालिदकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला. तो गच्चीवरच्या खोलीत बसला. पहिले कितीतरी दिवस जगदेवीच्या फाईली मागावर चढायच्या लायकीच्या नव्हत्या. कारखान्यातून त्या परत यायच्या. एकदा तर फुलं सगळी आडवी झोपली होती. तिनं कॉम्प्युटरला कानडीत शिव्या दिल्या, नागप्पांचा फोटो भिंतीकडे वळवून ठेवला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग अंबादास शेठनी तिच्याकडून टॉवेलची एक किनार घेतली. थोड्या दिवसांनी आणखी एक.

आता त्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत, एक खाली, एक वर. पावसाळ्यात वरच्याचा पंखा अडकला तेव्हा महेश्वरी न बोलावता वर आली, झाकण उघडलं आणि बॅटरी जगदेवीच्या हातात दिली. दोघी एकमेकींच्या हातांकडे बारीक नजर ठेवून होत्या. काम झाल्यावर महेश्वरीनं विचारलं, "सगळं दिसलं ना नीट?" जगदेवी म्हणाली, "दिसलं. ह्या टायमाला सगळं सांगितलं." त्या उघड्या चिमट्याचा विषय त्यांच्यात तेवढाच निघाला. माफी कुणी मागितली नाही, दिलीही नाही.

दिवाळीच्या आधी जगदेवीची पहिली अख्खी चादर मागावरून उतरली. डाळिंबाचीच, फुटलेल्या. शिवानंदनं नमुना घरी आणला आणि समोरच्या खोलीत पसरला. सिद्धाराम दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिला. महेश्वरी जवळ आली. तिनं चादरीचा कोपरा उलटून मागची बाजू बघितली, मग पुढची. एका पानावरून बोट फिरवलं. 

"बरी झालीय," ती शेवटी म्हणाली. "पण पानं जरा जड वाटतात, नाही?"

तो आवाज जगदेवीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं तो तिच्याच गळ्यातून निघाला होता. तिनं चादरीची एक बाजू उचलली, महेश्वरीनं आपोआप दुसरी धरली, आणि दोघींनी मिळून घडी घातली.

"जड वाटत्यात व्हय?" जगदेवी म्हणाली. "बघते की."

ती वर गेली आणि एकाही पानाला हात न लावता पुढच्या चादरीचं काम काढून बसली.